तुरीतल्या अळ्या

बदनापूरचा एक फोटोवाला आठ दिवस रोज सकाळी माझ्या दोन एकर तुरीत यायचा. पेटीएवढा जुना कॅमेरा तिपाईवर मांडून, डोक्यावर काळं कापड घेऊन एकाच झाडावर नेम धरायचा. वारा सुटला की झाडालाच म्हणायचा, "हलू नको बाई." मी बांधावरून कौतुकानं पाहायचो.

नवव्या दिवशी त्यानं मला कापडाखाली बोलावलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर उलटी दिसणारी, बोटाएवढी अळी शेंग पोखरत होती. मी शेतात फिरलो. झाडागणिक सात-आठ अळ्या.

"आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही लगेच फवारलं असतं दादा. मंग मी फोटो कशाचा काढला असता?"

मी पंप भरून आणला आणि त्याच्याच झाडापासून सुरुवात केली.

"पाच मिनिटं थांबा, एकच फोटो राह्यलाय!"

मी थांबलो नाही.