उरलेल्या एका डोळ्याचे किस्से

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं रे ठरलं, की ओळखीच्या सगळ्यांना आपापले डोळे आठवतात! आमच्या मोहल्ल्यातल्या, बूढापाऱ्यातल्या चहाच्या टपरीवरचा आमचा ग्रुप तर विचारूच नका. माझा उजवा डोळा लहानपणीच विटी लागून गेलेला. उरला डावा. डॉक्टर म्हणाले, "एकच डोळा आहे, साधी लेन्स टाकू." मीच हट्टानं जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल मागितली, चष्म्याचा कंटाळा आला होता म्हणून. घरी आलो आणि मनात आलं, हाही गेला तर? बायको मात्र शांत! "होईल नीट," एवढंच म्हणाली.

*

ग्रुपमधल्या काळेची मल्टिफोकल दिवाळीच्या आधी बसली. गच्चीवर उभा राहून बायकोला म्हणतो, "काहून वं, यंदा लोकं दिव्यांभोवती पण रांगोळी काढून राहिले का?"

सगळे हसले. मी चहा अर्धा टाकून घरी गेलो.

*

रेल्वेतून रिटायर झालेले रामटेकेभाऊ, त्यांचीही मल्टिफोकलच, अंधार पडल्यावर पंडरी बाजारातून येत होते. समोरून साधी बाईक आली. तिच्या दिव्याभोवती एवढा मोठा गोल, की भाऊंना वाटलं ट्रकच! स्कूटर सरळ नालीत.

"पण दिसते ना नीट?" मी भीत भीत विचारलं.

"हव! पेपर बिना चष्म्याचा वाचतो. फक्त अंधारात बाहेर निघत नाही!"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरनं डाव्या भुवईवर पेनानं खूण केली. मला एवढा घाम सुटला, की रुमालानं ती खूणच पुसली गेली! आत नेताना मी ओरडत सुटलो, "दीदी, बायां वाला! बायां!"

"दादाजी, दायां तो आपका बंद ही है," ती म्हणाली. तरी मी ओरडतच राहिलो.

*

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांचा चेहरा दिसला, भिंतीवरचं घड्याळ दिसलं, आणि मी सगळ्यांसमोर रडलो.

घरी बायकोनं चहाचा कप पुढं केला. मनगटापासून कोपरापर्यंत तिचा हात काळानिळा! जवळून, चष्म्याशिवाय, साफ दिसला.

"हे काय वं?"

"काही नाही. तुम्ही टपरीवर गेले, की मी डोळ्यांले टॉवेल बांधून घरात फिरत होती. तुम्हाले कुठं कुठं लागेल, ते पाहून राहिली होती."