पोस्टमनआबांनी परत पाठवलेल्या नोटिसा

हे आत्ताच सांगायला हवं. संध्याकाळपर्यंत थांबले तर माझ्याकडून सांगून होणार नाही. आत्ता सकाळी पोस्टमनआबांना सायखेड्याच्या एसटीत बसवलं आणि तशीच टायपिंगच्या क्लासला येऊन मशीनवर बसले. पुढच्या बॅचची मुलगी यायला थोडा वेळ आहे, तेवढ्यात होईल तेवढं. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

तर आबा, आमच्या वस्तीतले रिटायर झालेले पोस्टमन. आबांचा कुणावर म्हणजे कुणावरच विश्वास नव्हता. रेडिओवर वेळ सांगितली की म्हणायचे, "त्यांचं घड्याळ कुणी तपासलंय?" डॉक्टरांनी गोळी दिली की विचारायचे, "घरच्यांना हीच देता का?" मी त्यांच्यासमोर सायकलवरून पडले, गुडघा फुटला, तर आधी म्हणाले, "खरंच पडलीस का, क्लासला दांडी मारायचीय?" मग स्वतःच हळद घेऊन आले.

तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. बंद पाकीट नुसतं हातात घेऊन आत काय असेल ते सांगायचे. पोस्टकार्ड म्हणजे घरचं माणूस, आंतर्देशीय म्हणजे घरचं भांडण, आणि लांब खाकी पाकीट? "खाकी पाकीट म्हणजे घात. त्यात कुणी कुणाला लग्नाला बोलावत नाय!"

आमची वस्ती गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, पेरूच्या बागांना लागून. बावीस घरं, जवळजवळ सगळी बौद्ध. कुणी कारखान्यात, कुणी शाळेत शिपाई, कुणी मळ्यात कामाला. आमच्या आजोबांच्या वेळेला सगळ्यांनी मिळून घेतलेली जागा, सातबाऱ्यावर आमचीच नावं. मध्ये एक विहीर. रविवारी विहारात वंदना झाली की तिथेच कट्ट्यावर गप्पा. बास, एवढंच आमचं जग.

एके दिवशी मोजणीवाले साखळी घेऊन आले. म्हणाले, सरकार जागा घेणार, सार्वजनिक काम आहे, सगळ्यांच्या भल्याचं. आम्ही म्हटलं, दवाखाना असेल, शाळा असेल. आबा मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते जीपकडे बघत होते.

"तलाठी सायकलवर येतो," आबा म्हणाले. "मोजणीवाला एसटीनं येतो. मग ही जीप कुणाची?"

जीपवाला हसला आणि त्याने सगळ्या घरांना एकेक गुळगुळीत कॅलेंडर वाटलं. केवढं छान! त्यावर मोठ्या नगरीचं चित्र, उंच इमारती, फुलांचे ताटवे. आम्ही लगेच खिळे ठोकले! आबांनी आपलं कॅलेंडर उन्हात धरलं, उलटं केलं, वास घेतला. मग रविवारी विहारात ते सगळ्यांसमोर उघडलं.

"हा वळणाचा रस्ता बघा. हा आपला ओढा. मग आपली विहीर कुठं हाय? इथं! तिथं कारंजं काढलंय. आणि कारंज्याजवळ बसलेल्या या बाईच्या मांडीवर कुत्रं हाय. आपल्यातली कोण हाय ही?"

शेजारच्या कमलमावशी म्हणाल्या, "मी तर नाय बाई, माझ्या मांडीवर नातवाला जागा नाय!" सगळे हसले. पण लगेच सगळ्यांच्या लक्षात आलं. सरकार घेणार आमच्याकडून आणि देणार त्या जीपवाल्याच्या बिल्डरला. आबांना चित्रावरून कळलं ते आम्हा कुणाला कळलं नव्हतं. त्या दिवसापासून आबांचा शब्द म्हणजे शेवटचा. आणि तिथेच आमचं चुकलं.

कारण मग खाकी पाकिटं आली. रजिस्टर, पोचपावतीसकट, बावीस घरांच्या नावाने. आबा आदल्या दिवसापासून दारोदार फिरत होते. "हात लावायचा नाय. सही नाय म्हणजे पत्र पोचलं नाय. पत्र पोचलं नाय म्हणजे नोटीस नाय. तीस वर्षं हेच केलंय मी."

नवा पोस्टमन रघू आबांच्याच हाताखाली शिकलेला. तो काकुळतीला आला. "आबा, घ्या हो. निदान वाचा तरी आत काय आहे ते."

आबांचे डोळे बारीक झाले. "तुला कुणी पढवून पाठवलंय रे? लिही. घेण्यास नकार. परत."

रघूने बावीस पाकिटांवर ते लिहिलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, मी पण!

मग एके दिवशी क्लासमध्ये मला एका वकिलांचं काम टाइप करायला मिळालं. निम्म्यात माझी बोटं थांबली. त्यात लिहिलं होतं, नोटीस घेण्यास नकार दिला, सबब ती बजावली असे धरण्यात यावे. मी दोनदा वाचलं. म्हणजे नाकारलेली नोटीसही पोचलीच समजायची! तशीच जाऊन वकिलांना विचारलं आणि घरी पळत सुटले. हरकत घ्यायला तीस दिवस होते, ते त्या पाकिटातच लिहिलेलं होतं, आणि ते कधीच संपले होते. आबांनी तीस वर्षं पाकिटं परत जाताना बघितली. परत गेल्यावर त्यांचं काय होतं, ते बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

बावीस हरकती मी दोन दिवसांत टाइप केल्या. त्या घेऊन आम्ही सगळे भूसंपादनाच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "मुदत गेली. नोटीस तर तुम्हीच नाकारलीत."

आबा उभे राहिले. "यांनी नाय साहेब, मी नाकारली. बावीस घरांची मी एकट्यानं. माझं घर घ्या, यांची सोडा."

"आजोबा, पाकिटांवर नावं त्यांची आहेत."

त्यानंतर आबा रोज एकेका घरासमोर जाऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत. कमलमावशी म्हणाल्या, "आबा, पाकीट घेतलं असतं तरी त्यांनी जागा घेतलीच असती."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतीस. कुणी सांगितलं तुला?"

"कोण सांगणार? माझं डोकं काय गहाण पडलंय?"

पावसाळ्याच्या आधी घरं रिकामी करायची आहेत. आबा आधीच निघाले, सायखेड्याला पुतण्याकडे. आज स्टँडवर अख्खी वस्ती आली होती. आबांनी सगळ्यांना नीट बघितलं. "एवढे का आलात? मी नक्की जातोय का ते बघायला?" सगळे हसले. मग त्यांनी मला खिडकीशी बोलावलं.

"सुमे, खरं सांग. मागं मला शिव्या देतात ना?"

"नाही आबा. कुणीच नाही."

"खोटं बोलतीस."

मी खोटंच बोलत होते. वस्तीत कुणीच देत नाही, हे खरं. पण मी देते. आमच्या स्वयंपाकघरात बसून, मनातल्या मनात, रोज. मला तोंडावर "हो, मी देते" म्हणायचं होतं आणि त्यांचा हात पण सोडायचा नव्हता. गाडी सुटली.

तुमचं झालंय का असं कधी? ज्याच्यावर मनापासून चिडायचं, त्याच्याच गाडीमागे पळत गेलात?