भिवराबाईची अकरा लेकरं

भिवराबाईला स्वतःचं मूल नव्हतं, पण १९८३च्या उन्हाळ्यात तिच्या ताब्यात अकरा होती. बोरीजवळ रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम चालू होतं. माझे यजमान तिथे ओव्हरसिअर. आम्ही तंबूत राहत होतो. बायका मातीच्या पाट्या वाहायच्या आणि त्यांची तान्ही बाळं बाभळीखालच्या झोळ्यांत भिवराबाई सांभाळायची. चारठाण्याकडच्या मेंढपाळाची ती विधवा. गुडघा अधू, पाटी उचलणं शक्यच नव्हतं. हे काम गेलं तर तिला दुसरं नव्हतं.

एप्रिलात मुकादम व्यंकटरावाने सर्दीचं गोड औषध आणलं. "एकेक चमचा पाज. पोरं निजली की तू बी पाटी उचल."

भिवराबाई बाटली घेऊन माझ्याकडे आली. वरचं इंग्रजी मी वाचून सांगितलं: सर्दी-शिंकांसाठी, सुस्ती येते, वाहन चालवू नये.

"गाडी हाकू नये म्हन्तंय, आन् लेकराला पाजावं व्हय?"

 रेल्वेच्या प्रवासात माझ्या मुलाला मी हेच देत असे. त्या तारखांना डायरीत 'शांत झोपला' असं लिहिलं आहे. ते मी खोडलेलं नाही.

भिवराबाईने बाटली मुकादमाला परत केली. तिची पाठ वळताच मुकादमाने बायनाबाईच्या लेकीला स्वतःच पाजलं. दुपारी बायनाबाई अंगावर पाजायला आली, तर पोर उठेना. गाल थोपटले, तोंडावर पाणी मारलं. आईचा पदर दुधाने भिजला, पोरीने तोंड उघडलं नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी पोर रडली. वेळ मी तिथेच टिपून घेतली.

भिवराबाईने मुकादमाला चारचौघांत फैलावर घेतलं. तो म्हणाला, "उद्यापासून पाटी, न्हाई तर घरी."

यजमान मला म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस." मी सकाळी हजेरीला गेले.

बायकांनी एकेक बाळ मुकादमाच्या सतरंजीवर आणून ठेवलं. अकराच्या अकरा.

"घ्या मुकादम," भिवराबाई म्हणाली, "तुमीच निजवा."

एका बाळाने सतरंजीवरचं हजेरीचं मस्टर ओलं केलं.

"अगं बायांनो, उचला ही! हजेरी कशी घेऊ?"

"बाटली हाय की," बायनाबाई म्हणाली.

"लय रडायलेत!"

"रडू द्या. कालच्या परीस बरं हाय."

पाटीला कुणी हात लावला नाही. साडेनऊला व्यंकटरावाने ओल्या पानावर भिवराबाईचं नाव पुन्हा 'मुलं सांभाळणे' यापुढे लिहिलं. शाई पसरली. भिवराबाईने ते मला दोनदा वाचायला लावलं आणि मगच पहिलं मूल उचललं.