ओल्या फडक्याखालची बाई

आमच्या गावच्या तळ्याची माती काळसर, चिकट, दाण्याला अगदी बारीक. भिंत लिंपायला ती फारशी कामाची नाही. पण माणसाचं तोंड घडवायला तिच्यासारखी माती दुसरी नाही, हे मी छाती पुढे काढून सांगतो. माझे वडील ती गाडीत भरून शहरातल्या कारखान्यात पोचवायचे. त्यांच्यामागे मी पोचवतो. म्हणून त्या कारखान्याच्या घरची थोरली सून, आमच्या वहिनी, यांची गोष्ट मला सांगता येते.

कारखाना म्हणजे दोन लांब खोल्या आणि मागे एक अंधारी. तिथे राष्ट्राध्यक्षांचे अर्धपुतळे व्हायचे. शाळेत, कचेरीत, कोर्टात फळीवर बसलेला तो पांढरा प्लास्टरचा चेहरा इथूनच निघायचा. शपथविधीच्या दिवशी तो जागेवर हवा, अशी सरकारची अट. म्हणून मतदानाआधीच उमेदवारांची तोंडं मातीत तयार ठेवायची. निकाल लागला की जिंकणाऱ्याच्या तोंडावर साचा चढायचा. हरणाऱ्याचं तोंड त्याच दिवशी मोडून हौदातल्या मातीत परत.

आणखी एक रीत होती. नवं तोंड तारेच्या मोकळ्या सांगाड्यावर करायचं नाही. जुन्या साच्यात माती दाबून आधीच्या राष्ट्राध्यक्षाचं डोकं काढायचं आणि त्याच्यावरच नव्याचं नाक, गाल, हनुवटी चढवायची. निम्मं काम वाचतं. असे एकाच्या पोटात एक सगळे राष्ट्राध्यक्ष दडलेले होते.

वहिनी या घरात नवी नवरी म्हणून आल्या, तेव्हा मागच्या खोलीत लाकडी बैठकीवर काहीतरी झाकलेलं होतं. वर ओलं फडकं. फडक्यातून नाक आणि ओठ उमटलेले. खालच्या पत्र्याच्या डब्यात पाणी ठिबकत होतं. सासूबाई रोज सकाळी पहिला चहा व्हायच्या आधी त्या फडक्यावर तांब्या ओतायच्या.

ती होती मास्तरीणबाई. राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहिलेली पहिली बाई. वहिनींच्या लग्नाच्या बऱ्याच आधीची गोष्ट. तिचं तोंड सासूबाईंनी केलं होतं, मोकळ्या सांगाड्यावर, कारण पुरुषाच्या डोक्यावर तिला चढवायला त्यांचं मन घेईना. बाई हरली. सासूबाई मोडायला गेल्या आणि हातात हातोडी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. शेवटी हातोडी ठेवली आणि पाण्याचा तांब्या उचलला. माती ओली आहे तोवर ती मोडलेली नसते आणि झालेलीही नसते.

जाताना त्यांनी सुनेला एवढंच सांगितलं, "तिला कोरडी पडू देऊ नकोस."

वहिनींनी ते पाळलं, पण प्रेमानं नाही. त्या मला म्हणायच्या, "मी तिच्याकडे बघत नाही हो. मान फिरवून पाणी ओतते. फडकं चिकटतं ना तोंडाला, तेव्हा वाटतं आता श्वास घेईल." नवरा गेला त्या दिवशीही त्यांनी आधी पाणी ओतलं, मग रडल्या. रिकाम्या दुपारी सगळा कारखाना गप्प असायचा आणि मागून ते ठिबकणं ऐकू यायचं. मी स्वतः ऐकलंय. पाय उचलत नाही माणसाचा.

मग यंदा वकीलबाई उभी राहिली. तिच्याविरुद्ध एक बडा कारखानदार.

मी माती उतरवत होतो. वहिनींचे धाकटे दीर, बाहेरचा व्यवहार तेच बघायचे, खुर्चीत रेलून म्हणाले, "यंदा एकच तोंड करायचं, वहिनी. बाईसाठी माती भिजवू नका."

"का? दोन्ही करायची रीत आहे, भावोजी."

"रीत दोन माणसांची. बाई निवडून येते का कुठे? आमच्या हिलाच विचारलं, तर म्हणते, घरात एक सासू होती, तेवढी पुरे."

वहिनींची लेक प्लास्टर चाळत होती. ती फिस्कन हसली. "काकूंनी असं म्हटलं? त्या तर परवा सभेला गेल्या होत्या."

"कुठल्या सभेला?" भावोजी सरळ बसले.

"ते तुम्हीच विचारा त्यांना."

भावोजींचा चेहरा उतरला, आणि उतरलेला चेहरा माणूस रागानं भरून काढतो. ते म्हणाले, "ठीक आहे. करा तिचं तोंड. सगळे हात कारखानदाराला लागणार, तिचं तुम्ही एकटीनं करायचं. ती हरली, तर या जागेची किल्ली माझ्याकडे. मग मागचं ते भूतही मी हौदात घालणार."

वहिनींनी कमरेची किल्ली चाचपली. ती गेली तर त्या आणि लेक याच जागेत मजूर होणार, हे त्यांना कळत होतं. "बरं," त्या म्हणाल्या.

त्यांनी रीतीप्रमाणे सुरुवात केली. मावळत्या राष्ट्राध्यक्षाचं डोकं साच्यातून काढलं आणि वर वकीलबाई चढवायला घेतली. भिंतीवर तिचे फोटो लावले होते, समोरून, बाजूनं. पण पुढच्या खेपेला मी गेलो तर बैठकीवर भलतंच काही बसलं होतं. डोळे बाईचे, जबडा त्याचा. गाल कमी केले की खालून त्याचे गाल वर यायचे.

भावोजी म्हणाले, "साहेबांनी साडी नेसलीय वाटतं!" आणि पोट धरून हसले.

वहिनी हसल्या नाहीत. त्या स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, "लोक निवडून देतील का, म्हणून विचारतात सगळे. लोकांचं सोडा. माझ्या अंगठ्यालाच बाई राष्ट्राध्यक्ष ठाऊक नाही. कपाळ आलं की तो आपोआप पुरुषाकडे वळतो."

"मग मोकळ्या सांगाड्यावर करा."

"तेवढे दिवस कुठे आहेत?"

मागच्या खोलीतून पाण्याचा थेंब पडला. आम्ही दोघांनी ऐकला. वहिनी उठल्या, मागे गेल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच ते फडकं पुरतं बाजूला केलं.

इतक्या वर्षांच्या पाण्यानं नाक झिजलं होतं, ओठ एकमेकांत विरघळले होते. ती आता मास्तरीणबाई राहिली नव्हती, कुणीच राहिली नव्हती. फक्त डोळे होते. सासूबाईंनी ते इतके खोल कोरले होते की पाण्याला ते पुसता आले नाहीत.

"ये बाई," वहिनी म्हणाल्या. त्या कुणाशी बोलल्या, ते मी विचारलं नाही.

नव्या मातीनं जुन्या मातीला लगेच धरलं. अंगठा कुठे अडला नाही. निकालाच्या आधी वकीलबाई पुरी झाली. भावोजी दारातूनच बघून म्हणाले, "हरलेलीच्या डोक्यावर उभी केलीत? शोभलं!" पण ते आत आले नाहीत.

निकाल दुपारी लागला. रेडिओ पुढच्या खोलीत होता. कधी तो पुढे, कधी ती. वहिनी मागे बसून फडकं भिजवत होत्या. लेक धावत आली आणि दारातच थांबली.

"हरली?" वहिनींनी विचारलं.

"जिंकली, आई."

बाहेर जल्लोष व्हायला हवा होता. पण क्षणभर सगळा रस्ता गप्प होता, घरात पाऊल वाजावं आणि सगळ्यांनी कान द्यावेत तसा. मग कुठेतरी एका बाईनं टाळी वाजवली.

साचा चढवायचा म्हणजे काय, ते तेव्हा वहिनींच्या ध्यानात आलं. साचा उघडला की आतली माती खरवडून काढावी लागते. साचा वाचतो, तोंड जातं. हरली असती तरी ती मोडणार होती, आणि आता जिंकली तरी मोडणार होती.

साचा उघडला तेव्हा मी होतो. वरचा थर आमच्या ताज्या मातीचा. आतून निघाली ती काळीभोर, बंद विहिरीसारखा वास असलेली. वहिनींनी ती ओंजळीनं काढली आणि हौदात सोडली. सासूबाईंना दिलेला शब्द असा त्यांच्याच बोटांतून निसटून पाण्यात गेला. त्या रडल्या नाहीत. लेकच रडली.

पहिला पांढरा पुतळा वाळल्यावर भावोजी आले. त्यांनी पुतळा उजेडाकडे वळवला. शेवटी म्हणाले, "किल्ली राहू दे तुमच्याकडेच." मग आवाज खाली आणून, "पण वहिनी, हे डोळे वकीलबाईचे नाहीत."

"मग कुणाचे?"

मास्तरीणबाईचं तोंड झालं तेव्हा भावोजी शाळकरी पोर होते, आईच्या बाजूला बसून माती मळायचे. त्यांना ठाऊक होतं.

रिकामा साचा भिंतीला टेकवून ठेवला होता. साच्यातला खोलगट चेहरा कसा असतो, ते बघितल्याशिवाय पटत नाही. आपण डावीकडे सरकलो की तो डावीकडे बघतो, उजवीकडे गेलो की उजवीकडे. भावोजी दोन पावलं सरकले आणि दचकून थांबले.

"हा साचा ठेवायचाच का?"

"पुढच्या खेपेला लागेल ना," वहिनी म्हणाल्या. "याच्यात माती दाबायची, डोकं काढायचं आणि वर नवं तोंड चढवायचं. रीतच आहे."

"म्हणजे पुढे कुणीही येऊ दे..."

"कुणीही येऊ दे."

भावोजींनी साचा भिंतीकडे तोंड करून फिरवला आणि निघून गेले. वहिनींनी तो पुन्हा सरळ केला. मग सवयीनं तांब्या भरून मागच्या खोलीत गेल्या. बैठक रिकामी होती. तरी मला पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं डब्यात ठिबकल्याचा.