गॅदरिंगची राणी

आमच्या शाळेची इमारत लहान, वर्ग लहान, मास्तरांचे पगार तर फारच लहान. पण गोंधळ कधी लहान झाला नाही! आता आम्ही दोन-तीन म्हातारे कुठं लग्नात भेटलो, की एक जण नुसता "गॅदरिंग" म्हणतो आणि बाकीच्यांचा घास हातात राहतो. घरच्या बायका म्हणतात, "झालं ह्यांचं सुरू!" तेव्हा वाटायचं, ह्या आडगावात काही घडतच नाही. आणि आता बघतो तर पोतं भरलंय. त्यातलंच थोडं सांगतो.

शाळा वराळ्याच्या रस्त्याला, भाताच्या एका जुन्या वखारीत. साल असेल चाळीसच्या आगेमागे. शिरगाव, परंदवडी, वर डोंगरातली ठाकरवाडी, सगळीकडून पोरं पायी यायची. हेडसर पुण्याचे. धोतर, लांब कोट, काळी टोपी आणि तोंडात एकच शब्द, "शिस्त!" दरवर्षी संक्रांतीनंतर ते गॅदरिंग भरवायचे, आणि त्या दिवशी नेमकी तीच कुठं सापडायची नाही.

* * *

गॅदरिंगचं जेवण म्हणजे प्रत्येकानं घरून शिधा आणायचा आणि मॅट्रिकच्या वर्गानं रांधायचं. पहिल्या वर्षी हेडसरांनी सांगितलं, "ज्याच्या घरी जे उत्तम पिकतं, ते त्यानं आणावं."

मावळात उत्तम काय पिकतं? सगळ्यांनी आंबेमोहोर आणला! झाडून सगळ्यांनी! वखारीत पुन्हा तांदळाची थप्पी लागली. वास असा सुटला, की रस्त्यानं जाणारे गाडीवान थांबून विचारायला लागले, "कुणाचं लगीन हाय?"

पंगत बसली. भात वाढला. हेडसर पानावर हात धरून बसले. जरा वेळानं म्हणाले, "अरे, वरण?"

वराळ्याचा भिकू वाढत होता. हा भिकू म्हणजे अंगानं पैलवान, आणि मॅट्रिकच्या वर्गात इतका मुरलेला, की नवे मास्तर त्यालाच नमस्कार करायचे. तो म्हणाला, "सर, उत्तम ते आणायला सांगितलंत. आमच्याकडं डाळ काय एवढी उत्तम होत न्हाई."

हेडसरांनी भात खाल्ला. वर पुन्हा भात घेतला. पुढच्या वर्षी त्यांनी कडक हुकूम काढला, "कुणीही तांदूळ आणायचे नाहीत!"

झालं. त्या वर्षी भातच नव्हता!

* * *

गॅदरिंगला अध्यक्ष पुण्याहून आगगाडीनं यायचे. स्टेशनावर हार घालायचा, सजवलेल्या बैलगाडीत बसवायचं आणि हलगी-लेझीम लावून मिरवत शाळेत आणायचं, ही आमची पद्धत.

एका वर्षी बैल दिले परंदवडीच्या मारुतीआबांनी. आबा म्हणजे मोठं प्रस्थ. मिशा पिळदार, आवाज असा, की शेजारच्या रानातला माणूस "ओ" द्यायचा. त्यांचे बैल शर्यतीचे! गावोगावच्या घाटात पळालेले. आता शर्यतीच्या बैलाला हलगी ऐकू आली, की त्यानं काय समजायचं?

आमच्या पोरांनी हलगीवर टिपरू मारलं मात्र, बैलांनी शेपट्या वर केल्या आणि सुटले! अध्यक्षांचा फेटा एका बाभळीला, हार दुसऱ्या बाभळीला. शाळेच्या दारात स्वागताला उभे असलेले हेडसर "या, या" म्हणेपर्यंत गाडी पुढं गेली ती थेट घाटात, जिथं शर्यती व्हायच्या तिथं जाऊन थांबली.

अध्यक्ष भला माणूस. पायी परत आले, धूळ झटकली आणि भाषणाला उभे राहिले. "आपली शाळा मी मघाशी जाताना पाहिली," ते म्हणाले. "जेवढी दिसली तेवढी चांगली वाटली."

हेडसरांनी मागून आबांना गाठलं. म्हणाले, "आबा, काय हे!"

"व्हय की," आबा म्हणाले. "आज शर्यत असती तर निशाण आपलंच हुतं!"

* * *

ह्या मारुतीआबांची मुलगी यमुना. सबंध शाळेत मुलगी म्हणून ती एकटी! वेगळा बाक, वेगळा माठ. हुशार मात्र अशी, की गणिताचे मास्तर अडले की फळ्याकडं न बघता तिच्याकडं बघायचे. तिला मॅट्रिक होऊन मास्तरीण व्हायचं होतं आणि ती हे आल्यागेल्याला सांगायची.

आबांनी तिला घातलं खरं, पण सगळ्या गावासमक्ष हेडसरांना बजावून. "शिकू द्या. पन नाटकबिटक, गानंबिनं असलं काय चालायचं न्हाई. चारचौघात पोरगी मिरवली असं माज्या कानावर आलं, की त्याच दिशी दप्तर घरी आनि पोरगी चुलीपाशी. मग मॅट्रिक असू द्या न्हायतर फिट्रिक!"

आणि आबा बोलले ते करणारे होते. थोरलीला त्यांनी असंच चौथीतनं घरी नेलं होतं.

म्हणून आम्ही तिला फार सांभाळायचो. म्हणजे काय, घाबरायचो! संक्रांतीला शाळेत तिळगूळ वाटायची पद्धत होती. यमुना एकेकाच्या हातावर हलवा ठेवत भिकूपाशी आली आणि म्हणाली, "गोड बोल." पैलवानाला दरदरून घाम फुटला. तिथून परीक्षेपर्यंत तो तिच्याशी गोड नाही, कडू नाही, काहीच बोलला नाही.

* * *

आता नाटक. प्रॉम्प्टर होता ठाकरवाडीचा लक्ष्मण. त्याच्या वाडीत ह्या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारून बोलायची रीत. त्याला कुजबुजणं माहीतच नव्हतं! पडद्यामागून त्याचं वाक्य आधी ऐकू यायचं, मग नटाचं. लोकांना एका नाटकात दोनदा नाटक.

त्यात एकदा त्यानं दोन पानं एकदम उलटली. राजा सिंहासनावर बसून प्रधानाशी बोलतोय आणि आतून लक्ष्मण ओरडला, "राजा मरतो!"

राजा आज्ञाधारक. मेला!

प्रधान गडबडला. पुढं राजाची मोहीम होती, लढाई होती, विष तर शेवटी होतं. प्रधानानं राजाला हलवलं आणि हळूच म्हणाला, "ऊठ की, अजून लय वेळ हाय!"

राजा पडल्या पडल्या म्हणाला, "मी न्हाई. लक्ष्या सांगंल तवा उठीन."

* * *

ह्या प्रकारानंतर हेडसरांनी लक्ष्मणाला पडदा ओढायला ठेवलं, आणि प्रॉम्प्टिंगला नेमलं यमुनेला. नाटक हेडसरांनीच लिहिलेलं, त्याच्या नकला यमुनेनं वहीत उतरवलेल्या, त्यामुळं तिला सगळं पाठ. "ती पडद्याआड बसेल. कुणाला दिसणार नाही, ऐकूही येणार नाही," हेडसर म्हणाले. आम्ही म्हटलं, "सर, आबांना विचारलंत का?" हेडसरांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. मॅट्रिक दोन महिन्यांवर आलेलं.

राणी झाला होता भिकू. हसू नका! आमच्या शाळेत ज्याच्या घरी शालू तो राणी, अशी पद्धत होती, आणि भिकूची नुकतीच लग्न झालेली बहीण सासरचा शालू घेऊन माहेरी आलेली. मिशी काढली, शालू गुंडाळला, खांद्यावर पदर काही राहीना.

दिवेलागणीला स्टेजवर शाळेची एकुलती एक गॅसबत्ती टांगली आणि पडदा उघडला. पुढच्या रांगेत आबा, काठीवर दोन्ही हात ठेवून. मागं सगळा मुलूख. राजानं राजपुत्राला हद्दपार केलं आणि राणी पाया पडायला पुढं आली. तेवढ्यात भिकूला समोर बहिणीची सासू दिसली. सासू शालूकडं बघत होती. भिकूची वाचाच गेली!

यमुनेनं हळूच वाक्य दिलं. भिकू पदर सावरतोय. जरा मोठ्यानं दिलं. भिकू सासूकडं बघतोय. लोक चुळबुळायला लागले, कुणीतरी शीळ घातली. नाटक पडलंच म्हणायचं! आणि मग पडद्याआडून राणी बोलायला लागली. अख्खं भाषण! "नाथ, माझ्या लेकराला दूर करू नका," इथपासून. काय तो आवाज! अंगावर काटा आला. आपल्याला आता बोलायला नको, ह्या आनंदात भिकू तोंड भरून हसत होता, आणि आवाज रडत होता. पण भिकूकडं बघत होतं कोण? बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

मागून कुणीतरी म्हणालं, "आबा, ही तुमची यमुना!"

आवाज तुटला.

आबा उठले. हेडसर पांढरेफटक. लक्ष्मणाच्या हातात पडद्याची दोरी, पण ती ओढायचंही त्याला सुचेना. मला वाटलं, संपली पोरीची शाळा. फार वाईट वाटलं हो! आबा काठी टेकत स्टेजपाशी गेले, कडेचा पडदा काठीनं बाजूला केला आणि आत बघत उभे राहिले. आत यमुना, मांडीवर वही आणि शेजारी रॉकेलची धुरकट चिमणी. तिनं मान खाली घातलेली.

आबा वळले आणि कडाडले, "मास्तर!"

"आ... आबा..."

"पोरगी चिमणीवर वाचतीया हितं! डोळं जातील तिचं! ती मोठी गॅसबत्ती आत आना आदी, हिच्यापाशी."

"अहो, पण आबा," हेडसर कसेबसे म्हणाले, "मग स्टेजवर अंधार होईल!"

"हू द्या की!" आबा म्हणाले. "भिक्याला बघून काय करायचंय?"