मामींची रिकामी घरं

माझ्या बायकोच्या मामींइतका सोफ्याचा द्वेष करणारी व्यक्ती साऱ्या नाशिकात झाली नसेल, आणि गंमत म्हणजे लोकांना सोफे करून देणं हाच मामींचा व्यवसाय होता. नव्वदच्या दशकात गंगापूर रोडला एकामागून एक बंगले उभे राहत होते. तेव्हा शहरात दारावर 'इंटिरियर डेकोरेटर' अशी पाटी लावणारे जे मोजके लोक होते, त्यांतल्या या एक. घरमालक हौसेने बोलवायचा ते घर सजवून घ्यायला, आणि मामी आधी त्याचं असलेलं घर रिकामं करायला घ्यायच्या. शोकेस जायची, शोकेसमधला ताजमहाल जायचा, प्लास्टिकची फुलं जायची, टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल जायचा. "हे कोणी दिलं?" असं त्या एखादी वस्तू दोन बोटांत धरून विचारायच्या. "माझ्या नणंदेनं," असं उत्तर आलं की, "मग त्यांनाच परत करा, त्यांनाही कळू दे," असं म्हणून पुढच्या वस्तूकडे वळायच्या. राजस्थानातून आलेल्या सुतारांशी त्या स्वतःच्या हिंदीत बोलत. "भाईसाब, ये कोना मेरेको खुपता है," एवढं म्हणून त्या निघून जायच्या आणि सुतार बिचारा दिवसभर त्या कोपऱ्याकडे बघत बसायचा.

माझी त्यांच्याशी पहिली गाठ पडली ती माझं लग्न ठरताना. मुलीकडची मंडळी आमचं इंदिरानगरचं घर बघायला आली होती. बाकीचे लोक माझी नोकरी, माझी पत्रिका, माझ्या वडिलांचा मधुमेह यांची चौकशी करत होते. मामींनी मात्र पर्समधून मोजपट्टी काढली आणि आतल्या खोलीत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन त्यांनी निकाल दिला, "मुलगा ठीक आहे. खिडकी पूर्वेची आहे. ते कपाट तेवढं काढायला लावू." लग्नानंतर महिन्याभरात ते कपाट खरोखरच गेलं. माझ्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "या तुझ्या मामेसासूबाई आहेत, की महापालिकेचं अतिक्रमण खातं?"

पण रिकाम्या जागेचं त्यांचं वेड नुसत्या नीटनेटकेपणाचं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्या काळी शहरात चित्रं काढणारे, नाटकं बसवणारे, कविता करणारे लोक पुष्कळ होते, त्यांना जागा मात्र नव्हती. मोठं नाट्यगृह मुंबईच्या नाटकांना आणि कंपन्यांच्या स्नेहसंमेलनांना पुरत नसे. चित्रकार मंडळी शाळेला सुट्टी लागण्याची वाट बघत आणि मग वर्गातल्या फळ्यांवर चित्रं टांगत. मामींच्या हाती दुसरंच घबाड होतं. नव्या घराचा रंग वाळल्यावर आणि फर्निचर यायच्या आधी काही दिवस घर मोकळं पडून असतं. ते दिवस मामी आपले समजत. मालकाला त्या गंभीरपणे सांगत, "रंग बसेपर्यंत घरात माणसांचा वावर पाहिजे, नाहीतर पोपडे येतात." हे शास्त्र त्यांनीच तयार केलेलं होतं, पण त्या सांगायच्या अशा की सिव्हिल इंजिनियरसुद्धा मान डोलवायचे. मग एखाद्या वकिलाच्या कोऱ्या बेडरूममध्ये जलरंगांचं प्रदर्शन भरे, एखाद्या डॉक्टरांच्या मोकळ्या स्वयंपाकघरात कवितावाचन होई. सतरंज्या आमच्या घरून जात आणि चहा मामा करत. मामा पोस्टात होते. बायकोचं काहीच त्यांना पटत नसे आणि ते सगळ्याला हजर असत.

आणि मग निफाडचे अण्णा आले. अण्णांच्या द्राक्षबागा होत्या, मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी गंगापूर रोडला बंगला बांधला होता, आणि मामींना तोवर मिळालेलं ते सगळ्यात मोठं काम होतं. हे घर मनासारखं झालं असतं तर निफाडकडचे सगळे बागायतदार मामींच्या दारात आले असते. तसं झालं की स्वतःचा एक छोटा हॉल घ्यायचा, चित्रांसाठी आणि नाटकांसाठी, असं मामींनी मनाशी पक्कं केलं होतं. अडचण एकच होती. अण्णांना हॉलच्या छतावर प्लास्टरचे द्राक्षांचे घड हवे होते आणि घडांच्या आत जांभळे दिवे.

"अण्णा, द्राक्षं तुम्ही रोज शेतात बघता. घरात कशाला?"

"मॅडम, ज्याच्या जिवावर घर झालं ते घरात दिसाया नको?"

उत्तर खरं तर बिनतोड होतं. मामींनी ते ऐकलंच नाही असं केलं आणि छत पांढरं स्वच्छ ठेवलं.

रंग वाळला. मामींनी नेहमीप्रमाणे हॉल अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या काही तरुणांना नाटकासाठी देऊन टाकला. या खेपेला अण्णांना विचारायचं त्या विसरल्या, किंवा विसरायचं त्यांनी ठरवलं. नाटकात एक म्हातारा मरतो आणि परगावी असलेला त्याचा मुलगा उशिरा पोचतो. मयताचं काम एका दंतवैद्यांकडे होतं. ते एरवी कविता करत, त्यामुळे त्यांना न बोलण्याची भूमिका मिळाली याचं सर्वांना समाधान होतं. रविवारची संध्याकाळ होती. मधोमध पांढऱ्या चादरीखाली दंतवैद्य, उशाशी हंबरडा फोडणारा मुलगा आणि भोवती माना खाली घालून बसलेले आम्ही. नेमके त्याच वेळी अण्णा बायकोला आणि पाहुण्यांना घेऊन नवा रंग दाखवायला आले.

दारातून त्यांना जे दिसायचं ते दिसलं. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, पदर तोंडाला लावला. "अगं बाई! कोण गेलं वो?" त्यांच्या आवाजाने दंतवैद्य दचकले, उठून बसले आणि सवयीने "नमस्कार" म्हणाले. पाहुण्यांतल्या एक काकू किंचाळत जीपपर्यंत पळाल्या.

सगळा प्रकार ध्यानात आल्यावर अण्णांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, अजून वास्तुशांत नाय झाली, अन् माझ्या घरात तुम्ही मढं टाकलं?"

चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या मामांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या कोणीही माफी मागितली असती. मामी म्हणाल्या, "नाटकातलं आहे, अण्णा. आणि अजून संपलेलं नाही. बसा." त्यांनी रंगाचे रिकामे डबे उपडे करून पुढे सरकवले. आधी वहिनी बसल्या. मग पाहुणे बसले. अण्णा उभेच राहिले, पण गेले नाहीत. दंतवैद्य पुन्हा मेले. या वेळी ते पहिल्यापेक्षा चांगले मेले, असं माझं मत आहे. नाटक संपलं तेव्हा वहिनी डोळे पुसत होत्या. "पोरगं येस्तोवर थांबाया पाहिजे होतं म्हाताऱ्यानं," त्या म्हणाल्या. दंतवैद्य तो अभिप्राय पुढे वर्षानुवर्षं सांगत.

तरी अण्णांनी दुसऱ्या दिवशी काम काढून घेतलं, वास्तुशांत जंगी केली आणि दुसऱ्या कोणाकडून छतावर जांभळ्या दिव्यांची द्राक्षं लावून घेतली. निफाडचा कोणी बागायतदार मामींकडे आला नाही. मामींचा स्वतःचा हॉल घ्यायचा राहून गेला. आम्ही समजूत घालायला गेलो, तर मामी वरण वाढता वाढता म्हणाल्या, "घर गेलं, जावईबापू. पण त्या बाई रडल्या, पाहिलंत ना?" मामांनी त्या दिवशी पहिल्यांदा मान डोलावलेली मी पाहिली.

पावसाळा सरला असेल नसेल, वहिनींचा फोन आला. मुलांना घेऊन त्या बंगल्यात राहायला आल्या होत्या, अण्णा बागेच्या कामासाठी निफाडलाच असत. "मॅडम, हॉलमधी सोफे लय झालेत. जरा काढून देता का? अन् ती नाटकवाली पोरं परत कधी येणार?" मामी तडक गेल्या. तेव्हापासून कितीतरी वर्षं शहरातली नवी नाटकं त्या हॉलमध्ये आधी झाली. डोक्यावर द्राक्षं लटकत, बटणाचा घोळ झाला की करुण प्रसंगात जांभळा उजेड पडे, आणि मामी छताकडे चुकूनही बघायच्या नाहीत. अण्णा गावाहून आले की मागच्या दाराशी उभं राहून नाटक बघत. बसले मात्र कधीच नाहीत.

पुढे दिवस बदलले. कॅटलॉग बघून एका दिवसात स्वयंपाकघर बसवून देणारी दुकानं आली, घर रिकामं ठेवण्याइतकी सवड कोणाला उरली नाही. नाटकवाल्या पोरांतली काही मालिकांसाठी मुंबईला गेली, बाकीची संसाराला लागली. मामा गेले. मामींचे गुडघे शिडी चढू देईनात, तेव्हा मुलगी त्यांना बेंगळुरूला घेऊन गेली.

परवा आम्ही एक नाटक बघायला गेलो. नवं, वातानुकूलित नाट्यगृह, मऊ खुर्च्या, नाशिकच्याच मुलांनी लिहिलेलं आणि बसवलेलं नाटक. मध्यंतरात बायको म्हणाली, "मामीला फोन लावू या." लावला. मामींनी नाटकाचं नाव विचारलं नाही, कामं कशी झाली तेही विचारलं नाही.

"माणसं किती आहेत?"

"हाउसफुल्ल आहे, मामी. लोक परत गेले."

"परत गेले?" मामींनी पुन्हा विचारलं.

"बरं झालं," मामी म्हणाल्या. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग लगेच नेहमीच्या आवाजात, "जा आत, पुढचा अंक चुकेल तुमचा," असं म्हणून त्यांनीच फोन ठेवला.