मास्टवरचं मोहोळ

२००७ साली आमची कंपनी अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या जंगलपट्टीत तैनात झाली. मी सशस्त्र दलाच्या सिग्नल शाखेत हवालदार होतो, रेडिओ ऑपरेटर. माझं गाव तिरोड्याकडचं. नोकरीत पहिल्यांदाच घराजवळ पोस्टिंग मिळालं होतं.

वायरलेस म्हणजे एक डबा आणि त्यात बोलणारा माणूस, असं लोकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. सेट, बॅटऱ्या आणि चार्जर खोलीत असतात. बाहेर उंच लोखंडी मास्ट, त्याच्या टोकाला अँटेना आणि तिथून खोलीपर्यंत उतरणारी काळी केबल. आतलं सामान धूळ आणि उंदीर बिघडवतात. बाहेरच्याला ऊन, वीज, पाऊस आणि माकडं. आतलं माझ्याकडे होतं. बाहेरचं नाईक सुखराम उईकेकडे.

सुखराम नवेगाव बांधच्या पलीकडचा, गोंड घरातला. रोज सकाळी मास्टभोवती फिरून ताणाच्या तारा हातानं ओढून बघायचा. मग सेट रूमच्या दारात चहा प्यायचा.

"तुमचं बरं हाय जी, पंख्याखाली ड्युटी."

"मग ये आत."

"नाई जी. आत जीव गुदमरते माझा."

फेब्रुवारीत मास्टच्या मधल्या लोखंडी फळीखाली आग्या मोहोळ बसलं. ते काढून टाका, असं कंपनी कमांडर साहेब म्हणाले. सुखराम म्हणाला, "अंधाऱ्या रातीले धूर करून काढू, साहेब. चांदणं सरू द्या." साहेबांनी मान्य केलं.

चांदणं सरायच्या आधीच ती सकाळ आली. चौदा जणांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, आदल्या दिवसापासून जंगलात होती आणि दुपारपर्यंत परतणार होती. जिल्ह्याच्या ठिकाणाहून टेलिफोन आला. पेट्रोलच्या परतीच्या रस्त्यावरच्या पुलाखाली बॉम्ब असल्याची खबर होती.

मी सेटवर कॉल दिला. उत्तर नाही. मीटरचा काटा सांगत होता की आवाज अँटेनापर्यंत पोचतच नाही. सेट ठीक होता, बिघाड बाहेर होता. सुखराम मास्टखाली जाऊन वर बघून आला. "वांदरं लोंबकळले केबलले. वरचा जोड निसटला."

आम्ही झाडावर तार टाकून कामचलाऊ अँटेना केली. मधे टेकडी होती, काही ऐकू आलं नाही. जीप पाठवायची तर रस्ता त्याच पुलावरून.

साहेबांनी विचारलं, "मोहोळाचं काय?"

सुखराम कमरेला पट्टा बांधत होता. "निजून हाय, साहेब. हळू जातो."

त्यानं रेनकोट चढवला, डोक्यावरून मच्छरदाणी घेतली. हातमोजे घातले नाहीत. जोड बारीक असतो, बोटं मोकळी लागतात. साहेबांनी सगळ्यांना आत जाऊन दारं-खिडक्या लावायला सांगितलं. मी सेटसमोर बसलो. तिथून काचेतून मास्टचा फक्त बुंधा दिसत होता.

थोड्या वेळानं काटा जागेवर आला.

"टायगर, टायगर, कंट्रोल. ओव्हर."

"कंट्रोल, टायगर. आवाज साफ. ओव्हर."

"पुलावर येऊ नका. खाली बॉम्बचा संशय. जागीच थांबा. ओव्हर."

"रॉजर. थांबलो. पूल समोर दिसून राहिला. ओव्हर."

त्याच वेळी बाहेर लोखंडावर लोखंड वाजलं. सुखरामचा पाना निसटून फळीवर आदळला होता. मग घोंघाट सुरू झाला आणि काचेवर माश्या आपटू लागल्या. पहाऱ्याच्या मोर्च्यातून संत्री मेश्राम ओरडत होता, "उईके, उतर! लवकर उतर!"

मी उठलो. साहेब दारातून म्हणाले, "बिसेन, सेट सोडायचा नाही."

मी बसलो. पेट्रोलला दुसरा रस्ता द्यायचा होता. नकाशावरचे आकडे एकेक करून सांगितले, त्यांच्याकडून परत म्हणवून घेतले. साहेब आणि मेश्राम घोंगड्या पांघरून, ओला पेंढा पेटवून मास्टकडे गेले. सुखराम बराचसा स्वतःच उतरला होता. शेवटच्या पायऱ्यांवर त्याचे हात सुटले.

त्याला जीपमधून अर्जुनीच्या दवाखान्यात नेलं. काही वेळानं टेलिफोन आला. वाटेतच श्वास थांबला होता.

रिसीव्हर खाली ठेवला तेवढ्यात सेट बोलला.

"कंट्रोल, टायगर. नवीन रस्त्यावर आहोत. सकाळपासून लाइन मेली होती, कोणी जोडली? ओव्हर."

"उईकेनं. ओव्हर."

"शाबास म्हणा त्याला. ओव्हर."

मी म्हणालो, "रॉजर."

दिवस मावळायच्या आत चौदाही जण कॅम्पवर आले. दुसऱ्या दिवशी बॉम्बपथकानं पुलाखालून स्फोटकं काढली.

पुढच्या महिन्यात मी सुखरामच्या गावी गेलो. त्याचे वडील अंगणात बसले होते. मी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही.

शेवटी म्हणाले, "मधाच्या झाडावर चढाले त्याले मीच शिकवलं जी. दिवसाउजेडी आग्याजवळ आमी कोणी जात नाई. त्याले ठाऊक होतं."

मग त्यांनी विचारलं,

"काम झालं होतं ना जी, तो वर असताना?"

"झालं होतं, बाबा. पहिल्याच कॉलला उत्तर आलं."

त्यांनी मान हलवली आणि सुनेला हाक मारली, "पाहुण्याले जेवाले वाढ."

माझ्या बरोबरीचे आणखीही काही गेले. सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. पहिलं नाव मी नाईक सुखराम उईकेचं घेतो.